क्रूझवर सोबत नेलेली आगळीवेगळी वाईन: तुमचे अनुभव लिहा

क्रूझवरची वाईनची यादी लांबलचक असते, पण नीट वाचली तर तीच ती नावं दिसतात. शार्डोने, पिनो ग्रिजो, मेर्लो, काबर्ने, शॅम्पेनचे दोन-चार मोठे ब्रँड. हजारो प्रवाशांना पुरेल इतका साठा भरायचा म्हणजे ज्याचं उत्पादन मोठं तीच वाईन जहाजावर चढणार, त्यात कोणाचा दोष नाही. पण ज्याला जॉर्जियाची मातीच्या रांजणात मुरलेली वाईन आवडते किंवा ग्रीसची पाइनच्या राळेचा वास असलेली रेत्सिना, त्याच्यासाठी त्या यादीत काहीच नसतं. मग आपली बाटली आपणच न्यायची.

बऱ्याच मोठ्या कंपन्या प्रवास सुरू होण्याच्या दिवशी प्रत्येक सज्ञान प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद बाटली आणू देतात, तीही हातातल्या सामानात. काही कंपन्या दोन आणू देतात, काही अजिबात नाही. बाटली डायनिंग रूममध्ये उघडायची तर सहसा कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून वाढण्याचं शुल्क, भरावं लागतं. वोडका-व्हिस्कीला जवळजवळ सगळीकडे बंदी आहे. हे नियम सतत बदलतात, म्हणून निघण्याआधी आपल्या कंपनीचा ताजा नियम वाचाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच बाटली नेता येत असेल, तर जहाजावर मिळणारी वाईन नेण्यात अर्थ नाही. जी तिथे कधीच मिळणार नाही, तीच न्यावी. तुम्ही काय नेलंत, तपासणीत काय झालं, कुठे उघडलीत, कोणाबरोबर प्यायलात, सगळं लिहा. सुरुवात मी करतो.

मी नेली होती फ्रान्सच्या जुरा भागातली व्हँ झोन, म्हणजे पिवळी वाईन. साव्हान्यँ जातीच्या द्राक्षांची ही वाईन पिंपात किमान सहा वर्षं तीन महिने मुरते. एरवी पिंपातली वाईन उडून कमी झाली की वरून भर घालतात. इथे मुद्दाम घालत नाहीत. रिकाम्या जागेत वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो आणि त्याच्याखाली ती हळूहळू बदलत जाते. तिची बाटलीही वेगळी असते: बुटकी, चौकोनी खांद्यांची, ६२० मिलीची. एक लिटरमधून इतक्या वर्षांनी तेवढीच उरते, असं तिकडे परंपरेने सांगतात.

स्कॅनरवर ती बाटली बघून तपासनीस थबकला. व्हिस्कीसारख्या कडक दारूची बाटली असावी असं त्याला वाटलं असणार. मी लेबलावरचा अल्कोहोलचा आकडा दाखवला, तो पंधरा टक्क्यांच्या आतला होता. त्याने सील तपासलं, बाटली परत दिली आणि पुढे जायला सांगितलं.

पहिल्याच संध्याकाळी सोमेलिएला, म्हणजे जहाजावरच्या वाईन-तज्ज्ञाला, गाठून सांगितलं की ही बर्फात ठेवू नका आणि जेवणाच्या दोन तास आधी उघडा. त्याने या वाईनबद्दल अभ्यासात वाचलं होतं, चव कधी घेतली नव्हती. त्याच्यासाठी थोडी ओतली. पेला नाकाशी धरून तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "अक्रोड. आणि मेथी." त्याचं नाक तयार होतं. मेथीदाण्याला ज्या सोटोलोन या द्रव्यामुळे वास येतो, तेच या वाईनमध्येही तयार होतं. उघडल्यावर ही वाईन लवकर बिघडत नाही, म्हणून आम्ही ती घाई न करता प्यायलो. वेटर रोज तीच बाटली आमच्या टेबलावर आणून ठेवायचा, जेवण झाल्यावर बूच लावून परत न्यायचा. एका बाटलीवर अख्खा प्रवास निघतो तो असा. उघडल्यावर टिकणारी वाईन निवडा, हा माझा पहिला सल्ला.

* * *

छान विषय काढलात. मला क्रूझच्या आधीच्या विमानाबद्दल लिहायचंय, कारण बहुतेकांची बाटली तिथेच अडकते. बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीच्या वर द्रव नेऊ देत नाहीत आणि क्रूझवाले म्हणतात बाटली हातातच हवी. म्हणजे विमानात ती चेक-इन बॅगेत आणि बंदरावर जाण्याआधी हॉटेलात बॅग उघडून हातात, असा खांदेपालट करावाच लागतो. टर्मिनलवर मोठी बॅग हमालाच्या ताब्यात गेली की संपलं, मग बाटली आत आहे हे आठवून उपयोग नाही. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांवर चेक-इन सामानात विमानसुरक्षेची प्रमाणाची मर्यादा नसते, पण कस्टम्सची असते, ती वेगळी बघा. बाटलीला आधी प्लॅस्टिक पिशवी, मग जाड स्वेटर, आणि बॅगेच्या मधोमध. कडेला ठेवू नका.

मी नेली जॉर्जियाची र्कात्सितेली. पांढरी द्राक्षं सालीसकट क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात, महिनोन्‌महिने ठेवतात. म्हणून रंग गडद केशरी येतो आणि सालीचा तुरटपणा उतरतो. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. दुकानात हीच वाईन मातीच्या सुरेख बाटलीतही मिळत होती, मी मुद्दाम काचेची घेतली. आतलं दिसत नाही अशा बाटलीवरून रांगेत प्रश्नोत्तरं कशाला?

या वाईनला फार थंडावा चालत नाही, तुरटपणा बोचायला लागतो. केबिनमधला छोटा फ्रिज बहुतेक जहाजांवर जेमतेमच गार करतो, लोक त्याची तक्रार करतात, मला तो अगदी योग्य वाटला. आम्ही बाल्कनीत बसून प्यायलो. केबिनमध्ये प्यायलो म्हणून कॉर्केज लागलं नाही, तरी हेही सगळीकडे सारखं नसतं.

* * *

माझा अनुभव कडू आहे, तरी लिहिते, दुसऱ्या कोणाचा तरी फायदा होईल.

मला मडेरा फार प्रिय. मडेरा बेटावरची वाईन पूर्वी पिंपात भरून जहाजाने उष्ण कटिबंधातून जायची आणि त्या उकाड्याने, हिंदकळण्याने ती बिघडण्याऐवजी सुधारते असं लक्षात आलं. मग पिंपं मुद्दाम जहाजावर फिरवून परत आणायला लागले. आता तो उकाडा बेटावरच दिला जातो: साधी वाईन टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, चांगली वाईन माळ्यावर पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात. समुद्राने घडवलेली वाईन समुद्रावरच प्यावी, ही माझी किती दिवसांची इच्छा होती.

टर्मिनलवर अधिकाऱ्याने लेबल वाचलं, १९ टक्के. ही वाईन नाही, म्हणाला. मी समजावलं की यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात, पण ही वाईनच आहे, नियमात 'वाईन' एवढंच लिहिलंय. त्याने ऐकून घेतलं आणि पावती फाडून बाटली ठेवून घेतली. शेवटच्या रात्री ती केबिनच्या दाराशी परत आली. माझं म्हणणं अजूनही तेच आहे: कंपनीला नको असेल तर नियमात 'स्पिरिट न मिसळलेली वाईन' असं स्वच्छ लिहावं. काही कंपन्या लिहितात. जिथे लिहिलेलं नाही, तिथे ज्याच्या हातात शिक्का त्याचा नियम, हे बरोबर नाही.

नंतर दुसऱ्या कंपनीला आधीच ईमेल करून विचारलं. त्यांचं लेखी 'हो' आलं, ते छापून बाटलीला रबर लावून गुंडाळलं आणि यावेळी कोणी काही विचारलंच नाही. जेवणानंतर रोज लहान पेला. उघडलेली मडेरा महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे शेवटचा पेलाही पहिल्यासारखाच होता. पोर्ट, शेरी, मडेरा अशा स्पिरिट घातलेल्या वाईन नेणाऱ्यांनी लेखी उत्तर घेतल्याशिवाय निघू नये.

* * *

मी पेत-नात ही फेसाळती वाईन नेली होती. आंबण्याची क्रिया बाटलीतच पूर्ण होते, बुडबुडे त्यातूनच. तिला बूच नसतं, बियरसारखं पत्र्याचं झाकण असतं. त्यामुळे स्कॅनरवर "बियर चालत नाही" हे ऐकावं लागलं. लेबलावर द्राक्षाचं नाव होतं, ते दाखवल्यावर सोडलं. दिवसभर हिंदकळलेली असल्याने लगेच उघडली नाही. फ्रिजमध्ये उभी दोन रात्री, मग बाथरूमच्या बेसिनवर हळूच. तरी थोडी उसळलीच. चव मात्र सुरेख, आंबूस सफरचंदी.

* * *

आमच्या ओळखीच्या एका काकांनी स्वतः घरी केलेली जांभळाची वाईन नेली होती, सुंदर बाटलीत, लाखेचं सील लावून. लेबल नाही म्हणून घेतली ती घेतलीच, परतही दिली नाही. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर आत काय आहे हे त्यांना कळणार कसं, हे खरं. पण काका फार हळहळले.

* * *

वाटेतल्या बंदरात घेतलेल्या वाईनबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

ग्रीक बेटांच्या क्रूझमध्ये सॅंटोरिनीला उतरलो होतो. तिथली असिर्तिको मला जगातल्या उत्तम पांढऱ्या वाईन्सपैकी एक वाटते. वेल तिथे मांडवावर चढवत नाहीत. वाऱ्यापासून वाचवायला जमिनीलगत गोल वळवून त्याची टोपलीच विणतात, द्राक्षं त्या टोपलीच्या आत लागतात. युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा कीड त्या ज्वालामुखीच्या मातीत टिकली नाही, त्यामुळे वेल आजही कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. मी तो वेल गुडघे टेकून बघितला. पानं बाजूला केली तर आत घड, बाहेर वारा नुसता घोंघावत होता, आत एक पान हलत नव्हतं.

दोन बाटल्या घेतल्या आणि जहाजावर चढताना दोन्ही जमा झाल्या. नियमच तो, बंदरात घेतलेली दारू शेवटच्या दिवशीच मिळते. पावती मिळाली, बाटल्याही धड परत आल्या. पण जिथली वाईन तिथलाच समुद्र समोर असताना प्यायची ती वेळ निघून गेली. आता मी बंदरात विकत घेत नाही, उतरून तिथेच एक पेला नीट बसून पितो आणि सोबतची बाटली आधीच घरून निवडून नेतो. प्रत्येक बंदरावर बाटली आणू देणाऱ्या कंपन्याही आहेत. ज्यांचा प्रवास वाईनच्या प्रदेशातून आहे, त्यांनी तिकीट काढतानाच हे बघावं.

* * *

धागाकर्त्यांशी सहमत, एक भर घालते. जहाजावर मिळणार नाही हे खरं, पण तेवढंच पुरेसं नाही. प्रवास सोसणारी हवी. एका प्रवासात आमच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वीस-एक वर्षांची बारोलो, इटलीची लाल वाईन, आणली होती. जुन्या लाल वाईनमध्ये गाळ असतो, तो दोन दिवस बाटली उभी ठेवल्याशिवाय खाली बसत नाही, आणि चालत्या जहाजावर उभी बाटली स्थिर राहील याची खात्री कोण देणार? सोमेलिएने जीव ओतून डिकँट केली, म्हणजे गाळ मागे ठेवून हळूच दुसऱ्या भांड्यात ओतली, तरी पेल्यात गढूळपणा आलाच. इतकी वर्षं जपलेली वाईन, वाईट वाटलं हो. जुनी लाल घरीच उघडावी.

आम्ही तोकाई असू, म्हणजे हंगेरीची गोड वाईन, नेतो. बुरशीने सुकलेले द्राक्षाचे दाणे एकेक करून वेचतात आणि त्यांची वाईन करतात. २०१३ पासून असूमध्ये लिटरला किमान १२० ग्रॅम साखर असावी लागते, पण फुरमिंट द्राक्षाचा आंबटपणा इतका तरतरीत की ती गोडी जिभेवर बसून राहत नाही. बाटली ५०० मिलीचीच असते आणि नियमात ती एक पूर्ण बाटली धरली जाते. मला त्याचं काही वाटत नाही, कारण पेले लहान भरायचे असतात. सहा जणांच्या टेबलाला ती पुरते. पहिल्या रात्री एकमेकांशी जेमतेम हसणारी माणसं दुसऱ्या रात्री ती पेल्यात आल्यावर बोलायला लागली. "सडलेली द्राक्षं? मुद्दाम?" इथून सुरुवात झाली आणि टेबल आवरायला वेटर तीनदा येऊन गेला.

* * *

डिकँटबद्दल थोडं वेगळं मत. जुनी लाल नेऊच नये असं नाही, बाटली घरीच गाळून, धुऊन परत भरणं शक्य नाही हे मान्य, पण बंदरातल्या मुक्कामाच्या दिवशी, जहाज स्थिर असताना उघडली तर निभावतं. आम्ही तसं केलंय. आणि कॉर्कस्क्रू नेऊ नका. पातं असलेला असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात. केबिन स्टुअर्डला सांगितलं की तो आणून देतो.

* * *

सगळे अनुभव वाचले, खूप उपयोगी. आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. दोन माणसांच्या दोन बाटल्यांऐवजी दीड लिटरची एक मॅग्नम चालेल का? फेसाळत्या लाल शिराझची आहे, ऑस्ट्रेलियातली.

* * *

बहुतेक कंपन्या नाही म्हणतील. त्यांच्या नियमात बाटलीचा आकारच ७५० मिली असा लिहिलेला असतो, दोघांचा वाटा एकत्र धरत नाहीत. जिथे मॅग्नम चालते तिथे कॉर्केजही जास्त पडू शकतं. शिवाय फेसाळती वाईन एकदा उघडली की त्याच रात्री संपवावी लागते, दीड लिटर दोघांना जड जाईल. त्या शिराझची ७५० मिलीची एक घ्या आणि दुसरी उघडल्यावर टिकणारी घ्या. आल्यावर इथे लिहा.