‘एर वाइस’ला ‘ट’ का नाही?

प्रश्न: जर्मनमध्ये ‘तो’बरोबर क्रियापदाला ट लागतो. एर माख्ट (तो करतो), एर गेट (तो जातो). मग ‘त्याला माहीत आहे’ हे ‘एर वाइस’ का? शिकवणाऱ्यांनी ‘अपवाद आहे, पाठ करा’ एवढंच सांगितलं.

उत्तर: पाठ करू नका, संस्कृत आठवा! हे रूप मुळात भूतकाळाचं आहे, अर्थ तेवढा वर्तमानाचा. धातू आपलाच विद्. त्याचा जुना अर्थ पाहणे, लॅटिनमध्ये तो अजून तसाच आहे. पाहिलं, म्हणजे आता ठाऊक आहे. मराठीत ‘कळलं का?’, ‘हो, कळलं’ म्हणतो तेव्हा आपणही हेच करतो.

संस्कृतात लिट् म्हणजे परोक्ष भूतकाळ. त्यात धातूचं द्वित्व होतं, म्हणजे सुरुवातीचा भाग दोनदा येतो: चकार, ददर्श. विद् मात्र द्वित्वाशिवाय नुसता ‘वेद’ होतो आणि अर्थ ‘जाणतो’. पाणिनीने त्यासाठी ‘विदो लटो वा’ असं वेगळं सूत्रच केलं: विद्‌पुढे लट्‌च्या, म्हणजे वर्तमानकाळाच्या, प्रत्ययांऐवजी लिट्‌चे प्रत्यय विकल्पाने येतात. म्हणून अहं वेद, स वेद, ‘ति’ नाहीच. इश वाइस, एर वाइस हे तंतोतंत तेच.

रूपं मोठ्याने म्हणून पाहा (मी, तू, तो, आम्ही):
संस्कृत: वेद, वेत्थ, वेद, विद्म
गॉथिक: वाइत, वाइस्त, वाइत, वितुम
जर्मन: वाइस, वाइस्ट, वाइस, विसन

गॉथिक ही जर्मनच्या नात्यातली जुनी, आता लुप्त झालेली भाषा; वरची रूपं बिशप वुल्फिलाने ४थ्या शतकात केलेल्या बायबलच्या अनुवादाच्या भाषेतली. ग्रिमच्या नियमाने (जर्मन, इंग्रजी, गॉथिक यांच्या घराण्यात व्यंजनं कशी बदलली ते सांगणारा नियम) द चा त झाला, जर्मनमध्ये पुढे त्याचा स. संस्कृतचा ए मुळात अइ होता, हे लक्षात घेतलं की एकवचनात अइ आणि अनेकवचनात इ ही जोडी तिन्हीकडे दिसते. मला तर प्रत्येक वेळी हे पाहून भरून येतं.

प्रश्न: इंग्रजी ‘ही कॅन’, ‘ही शॅल’ला एस नाही, तेही यामुळेच?

उत्तर: होय, त्याच घराण्यातले. जुन्या इंग्रजी बायबलातल्या ‘दाऊ शॅल्ट’मधला ट म्हणजे ‘वेत्थ’मधला थ. ‘विल’ मात्र वेगळा, तो मूळचा विध्यर्थ. आणि भूतकाळाचं रूप वर्तमानात खर्ची पडल्यामुळे यांना भूतकाळ नव्याने करावा लागला, ट-ड जोडून: जर्मन कोन्टं, इंग्रजी कुड, शुड. कुडच्या स्पेलिंगमधला एल मुळातला नाही, तो शुड-वुडकडे पाहून नंतर घातलेला.