जस्टिस लीगमध्ये सुपरमॅन मेला तो एपिसोड, पुढं काय झालं? (अर्धाच बघितलाय)

तिसरं_गेट_टिळकवाडी:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पोरकट आहे, हसलात तरी चालेल खरं उत्तर द्या.

लहानपणी मे महिन्यात आम्ही जांबोटीकडं मामाच्या गावाला जायचो. मामाच्यात केबल नुकतीच आलेली, त्यामुळं दुपारी जेवणं झाली की आम्ही पाच-सहा पोरं कार्टून नेटवर्कसमोर पाट टाकून बसणार. घरात मराठी, शाळेत सर कन्नड शिकवणार आणि कार्टून हिंदीत, असं आमचं सगळं. त्यात जस्टिस लीग, सुपरमॅन-बॅटमॅन धरून सात हिरोंची टोळी, म्हणजे जीव की प्राण.

तर एक एपिसोड. चार-पाच गुंड मिळून शहरात धिंगाणा घालालेत, त्यात एकाचं तोंड बाहुल्यासारखं आहे, त्याच्या यंत्रातनं किरण सुटतो आणि सुपरमॅन दुसऱ्यांना वाचवायला मधे पडतो. गायब. राख पण राहत नाही. मग वंडर वुमन त्या बाहुल्याच्या अंगावर जाते ठार मारायला आणि फ्लॅश तिला अडवतो. मग अंत्ययात्रा, ही गर्दी. मामी अंगणात काजूच्या बिया भाजत होती, आम्ही सगळे गप्प झालेलं बघून ती तशीच काळ्या हातानं आत आली आणि म्हणाली, कोण गेलं रे?

आणि तेवढ्यात वळीव आला आणि करंट गेला. टीव्हीच्या मधोमध पांढरा ठिपका राहिला, तो पण बारीक होत होत संपला. कुठंतरी लाईनवर झाड पडलेलं, तीन दिवस करंट नाही. चौथ्या दिवशी आमची बेळगावची बस. दुसरा भाग मी आजपर्यंत बघितलेला नाही.

आता खरी गंमत. माझा मामेभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, त्यानं दिवाळीला सांगितलं की बॅटमॅन बर्फात जातो, तिथं गुहेत सुपरमॅन गोठून पडलेला असतो आणि बॅटमॅन त्याला आपलं रक्त देऊन उठवतो. मी हे वीस वर्षं खरं धरून चाललोय. वर्गातल्या दहा जणांना सांगितलंय. परवा माझ्या पोराला सांगितलं, आठ वर्षांचा आहे, तर तो म्हणतो, पप्पा पण सुपरमॅनला सुई टोचली कशी?

मला घामच फुटला. तर एपिसोडचं नाव काय, खरं काय होतं, आणि पोराला दाखवायची तर सुरुवात कुठनं करू? पहिल्यापासनं का आधी हाच एपिसोड?

निपाणीचा_बोका:

नाव 'हिअरआफ्टर'. दुसऱ्या सीझनमधला, २००३ चा, दोन भागांचा. बाहुल्याच्या तोंडाचा म्हणजे टॉयमॅन. रक्त-बिक्त काही नाही भावा, तुला मामेभावानं गंडवलंय. पुढचं सांगत नाही, पोराला घेऊन बस आणि बघ.

कुंदा_डबल:

अरे सुपरमॅन मेलेलाच नसतो की. टॉयमॅनचा किरण त्याला भविष्यात फेकतो, तीस हजार वर्षं पुढं. तिथं सूर्य लाल झालेला, म्हणून याची पॉवर गेलेली, दाढी वाढलेली, हातात तलवार घेऊन लांडग्यांशी मारामारी करतो. मग एक म्हातारा भेटतो, म्हातारा म्हणजे दिसायला नाही, वयानं. व्हँडल सॅव्हेज, जो मरतच नाही. त्याच्याकडं टाईम मशीन असतं, त्यातनं सुपरमॅन परत. बास. एवढ्यासाठी वीस वर्षं थांबलास होय?

निपाणीचा_बोका:

ए कुंद्या, मी सांगत नाही म्हणालो ते वाचलंस का? सगळं सांगून मोकळा!

कुंदा_डबल:

२००३ चं कार्टून आहे. वीस वर्षं झाली तरी रामाची सीता कोण ते सांगायचं नाही होय? आणि माणसानं विचारलंय 'खरं काय होतं', मी सांगितलं. बोक्याला काय त्रास?

शहापूरची_मावशी:

भांडू नका रे, दोघांनी पण अर्धंच सांगितलंय.

मी घरी ट्यूशन घेते, पाचवी ते सातवी. लॉकडाऊनमध्ये माझ्या दोन मुलींना घेऊन ही सिरीज पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली म्हणून एवढं लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

करंट गेल्यावर तुझी गोष्ट अर्धी राहिली त्यात फक्त वळवाचा दोष नाही. पहिल्या दोन सीझनचे मिळून ५२ एपिसोड आहेत आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोन भागांची. पहिलीच, सगळे सात जण एकत्र येतात ती, तीन भागांची आणि दुसऱ्या सीझनचा शेवट पण तीन भागांचा. नाताळची 'कम्फर्ट अँड जॉय' तेवढी एका भागात संपते. म्हणजे एक दिवस पाहुणे आले, एक दिवस क्लास लागला की गेली गोष्ट. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात जस्टिस लीगच्या गोष्टींना एकतर सुरुवात नाही नाहीतर शेवट नाही.

आता 'हिअरआफ्टर'. कुंदानं सांगितलं तो सांगाडा बरोबर आहे, खरं त्यातली मजा सॅव्हेजमध्ये आहे. तीस हजार वर्षं तो माणूस एकटा. पृथ्वीवर दुसरा माणूसच नाही आणि ते त्यानंच केलेलं असतं, जग ताब्यात घ्यायला गेला आणि सगळं मारून बसला. त्यामुळं सुपरमॅन दिसल्यावर हा हल्ला करत नाही, घरात घेतो, अगदी पाहुणा आल्यासारखं त्याचं करतो. बोलायला कोणीतरी मिळालं याचाच त्याला आनंद. माझ्या धाकटीनं विचारलं, आई हा व्हिलन आहे ना मग चांगला का वागतोय? मी म्हणाले गप बघ. टाईम मशीन त्यानंच बनवलेलं खरं त्याला स्वतःला ते वापरता येत नाही, कारण ज्या काळात तो आधीच जिवंत आहे तिथं तो परत जाऊ शकत नाही, आणि तो तर पूर्वीपासून कायमच जिवंत. म्हणून तो सुपरमॅनला मागं पाठवतो, कशासाठी तर आपल्यालाच अडवायला. सुपरमॅनला यश आलं की हा सॅव्हेज उरणारच नाही हे त्याला माहीत असतं. मग उजाड जागेत एकदम शहर उभं राहतं आणि ते बघत बघत हा विरून जातो. माझ्या थोरलीनं त्या दिवशी जेवताना एक शब्द काढला नाही.

पहिल्या भागात तू बघितलंस ते फ्लॅशचं पण परत नीट बघ. फ्लॅश म्हणजे सात जणांतला पांचट जोक मारणारा, सारखं खात सुटलेला. आणि वंडर वुमनला हात धरून थांबवणारा कोण, तर तो. सुपरमॅन असता तर काय म्हणाला असता ते मी बोलतोय, असं तिला सांगतो. आणि बॅटमॅन मानायलाच तयार नसतो की हा मेलाय, सगळे रडालेत आणि हा पुरावे गोळा करालाय. खरं रात्री एकटाच थडग्यापाशी जातो आणि जिवंतपणी कधी बोलला नाही ते बोलतो. तुझा करंट याच्या आधी गेला का नंतर?

आठ वर्षांच्या पोराला चालेल. मारामारी आहे, रक्त नाही. 'ओन्ली अ ड्रीम' मात्र रात्री दाखवू नको, त्यात स्वप्नात घुसणारा माणूस आहे, आमची धाकटी आठवडाभर लाईट लावून झोपली.

चिकोडी_फास्ट:

मावशींना शंभर टक्के अनुमोदन. क्रमाचं मी सांगतो.

सुरुवात पहिल्यापासनंच कर, २००१ चा सीझन. काहीजण म्हणतील पहिला सीझन स्लो आहे आणि ते खरंय, त्यात सुपरमॅन सारखा मार खातो, कुणीपण यावं आणि टपली मारून जावं. लोकांनी एवढी बोंब मारली की दुसऱ्या सीझनला त्यांनी त्याला तगडा केला, चेहऱ्यावरच्या म्हाताऱ्यागत रेघा पण पुसून टाकल्या. मग दोन सीझन झाले की 'जस्टिस लीग अनलिमिटेड', २००४ ते २००६, ३९ एपिसोड. त्यात सात जणांच्या जागी ही जत्रा हिरोंची. तिथं बऱ्याच गोष्टी एका भागात संपतात, म्हणजे करंटचं टेन्शन कमी.

मागचं बॅटमॅनचं कार्टून १९९२ चं आणि सुपरमॅनचं १९९६ चं, त्यांचंच जग आहे हे. ते आधी बघितलंच पाहिजे असं नाही, खरं बघितलं असेल तर केव्हिन कॉनरॉयचा बॅटमॅनचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. १९९२ पासनं तोच माणूस. २०२२ ला गेला बिचारा. आम्ही हिंदीत बघितलेलं, त्यामुळं त्याचा खरा आवाज मी कॉलेजला गेल्यावर पहिल्यांदा ऐकला.

अजून एक. आपल्याकडच्या पोरांना सातातला ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन स्ट्युअर्ट, काळा, हिरवे डोळे, मिलिटरीतला. २०११ ला ग्रीन लँटर्नचा पिक्चर आला तेव्हा आम्ही चौघं चिकोडीहून कोल्हापूरला बघायला गेलो. पडद्यावर गोरा माणूस बघून माझा मित्र सगळ्या थेटरला ऐकू जाईल असं ओरडला, आमचा कुठं गेला?

आणि दुसऱ्या सीझनचा शेवट, 'स्टारक्रॉस्ड'. ज्यानं बघितला नाही त्यानं इथंच थांबावं, खाली सांगणार आहे.

हॉकगर्ल हेर निघते. थानागार म्हणजे तिचा ग्रह, तिथली फौज येते आणि ती त्यांचीच. इतके दिवस सातातली एक, ग्रीन लँटर्नशी जुळलेलं, आणि हे. मग आपले लोक पृथ्वीचं वाटोळं करायला निघालेत हे कळल्यावर ती उलटते. म्हणजे तिकडं गद्दार आणि इकडं पण गद्दार. शेवटी लीगवाले हिला ठेवायचं का काढायचं यावर मत घेतात आणि निकाल ऐकायच्या आधीच ही म्हणते मीच जाते. मला तर ती आपल्यातली वाटते, इकडची पण नाही आणि तिकडची पण नाही.

कुंदा_डबल:

झालं. हॉकगर्लला पण सीमाभागात आणलंस. आता तिच्या गदेवर मराठी का कन्नड पाटी लावायची यावर एक धागा काढ.

चिकोडी_फास्ट:

😂 दोन्ही लाव बाबा. अक्षरं मापून सारख्या साईझची.

निपाणीचा_बोका:

मी एकच सांगतो. 'अ बेटर वर्ल्ड' चुकवू नका. दुसऱ्या जगातली लीग असते, त्यांचा फ्लॅश मेलेला असतो आणि ते सगळे हुकूमशहा झालेले. स्वच्छ शहर, गुन्हा नाही, आणि कुणाची बोलायची हिंमत नाही. मावशी म्हणाल्या ते फ्लॅशचं तिथं अजून चांगलं कळतं. पोराला आत्ता नाही कळणार, बाराव्या-तेराव्या वर्षी दाखव.

शहापूरची_मावशी:

बोका, हे बरोबर. आणि आम्हाला मिळालं ते इंग्लिशमध्ये. पहिले दोन एपिसोड मुली कुरकुरल्या, मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होते, तिसऱ्यापासनं त्याच मला गप बस म्हणायला लागल्या.

तिसरं_गेट_टिळकवाडी:

काल रविवारी बघितला. दोन्ही भाग. सगळ्यांचे आभार, कुंदा तुझे पण, सांगून सोडलंस तरी काही बिघडलं नाही, कारण सांगितलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं.

मावशी, तुम्ही विचारलंत करंट कधी गेला. अंत्ययात्रेतच गेला होता, बॅटमॅन थडग्यापाशी येतो ते मी काल पहिल्यांदा बघितलं. आणि तो जाडा पांढऱ्या तोंडाचा लोबो येऊन सुपरमॅनची जागा मला द्या म्हणतो ते पण. पोरगा त्यालाच हसत सुटला, माझं लक्ष दुसरीकडं होतं. लांडग्यांचा भाग त्यानं तीन वेळा मागं घेऊन बघितला. सॅव्हेज विरून जातो तिथं मात्र त्यानं विचारलं, मग तो चांगला झालेला ते कुणाला कळणार? मला उत्तर आलं नाही, मी म्हणालो सुपरमॅनला ठाऊक आहे की.

मग राहवलं नाही म्हणून मामेभावाला फोन लावला. आता तो गोव्याला असतो, दोन पोरींचा बाप. म्हणालो बर्फ कुठाय, गुहा कुठाय, रक्त कुठाय? तो आधी अर्धा मिनिट हसला. मग म्हणतो, अरे तुझ्या शेजारीच बसलेलो की मी, करंट काय एकट्या तुझाच गेला होता? दिवाळीत तू सारखं विचारून डोकं खात होतास म्हणून काहीतरी सांगून सोडलं.

वर मला विचारतो, मग खरं काय झालं त्याचं?

कुंदा_डबल:

सांगू नको. पाठव त्याला माझ्याकडं.