शब्दचर्चा: लोकप्रतिनिधींचे 'भत्ते' म्हणजे नेमकं काय काय?

विचारणा

मी मेलबर्नला असते. मंडळाच्या त्रैमासिकासाठी इथल्या खासदारांच्या खर्चाच्या नियमांवर लेख लिहिते आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये इथल्या कनिष्ठ सभागृहाच्या सभापती ब्रॉनविन बिशप पक्षाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमाला मेलबर्नहून जिलाँगला हेलिकॉप्टरने गेल्या. पाच हजार डॉलरवर बिल सरकारी पैशातून गेलं आणि शेवटी 2015 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. मग नियमांच्या आढाव्यासाठी समिती बसली. 1990 च्या कायद्याच्या नावात 'एन्टायटलमेंट्स' होतं. 2017 च्या नव्या कायद्यात ते जाऊन 'पार्लमेंटरी बिझनेस रिसोर्सेस' आलं, आणि बोलताना आता 'वर्क एक्स्पेन्सेस' म्हणतात. मराठीत दोन्हींना 'भत्ते' लिहिलं तर बदल काय झाला ते वाचकाला कळणारच नाही. काय लिहावं?

प्रतिसाद

ताई, आधी 'भत्ता' या शब्दाची हद्द आखून घ्या, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. नोकरीभर लेखा विभागात टी.ए.ची, म्हणजे प्रवास भत्त्याची, बिलं तपासली, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

भत्ता म्हणजे ठरलेल्या दराने मिळणारी रक्कम. दौऱ्यावर गेलात, दिवस भरले, भत्ता लागू झाला. जेवणाचं बिल कोणी मागत नाही. शब्दही मुळात अन्नाचाच आहे: संस्कृत 'भक्त', प्राकृत 'भत्त', त्यातून आपला भात आणि हा भत्ता. कंपनी सरकारच्या फौजेत मोहिमेवर पगाराशिवाय भत्ता मिळे. क्लाइव्हने दुप्पट भत्ता बंद केला तेव्हा 1766 मध्ये मुंगेरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंडच केलं. एकदा सुरू झालेला भत्ता लोक हक्काचा मानतात, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आपल्या खासदारांचा दैनिक भत्ता हा खरा भत्ता. 1954 च्या कायद्याखाली तो मिळतो, दर सध्या 2,500 रुपये. पण अधिवेशनाच्या दिवशी सभागृहाच्या सचिवालयाने ठेवलेल्या नोंदवहीत सही नसेल, तर त्या दिवसाचा भत्ता नाही. तिथे बिल म्हणजे ती सही. ऑस्ट्रेलियात कामासाठी बाहेरगावी मुक्काम केल्यावर रात्रीमागे ठराविक दराने मिळतो, तोही भत्ताच. तो शब्द तिथे बिनदिक्कत वापरा.

हेलिकॉप्टरचं भाडं मात्र भत्ता नव्हे. तो प्रत्यक्ष झालेला खर्च, बिलावर चुकता केलेला. खिशातून आधी भरून मागून घेतला तर 'प्रतिपूर्ती', सरकारने परस्पर दिला तर 'देयक अदा केलं'. आणि तिसरा प्रकार कार्यालयाचा. छपाई, टपाल, स्टेशनरी यांसाठी वर्षाला अमुक रकमेपर्यंत खर्च करा, अशी मुभा. त्याला 'तरतूद' म्हणा. तो पैसा खासदाराचा कधीच होत नाही. आपल्याकडेही खासदाराच्या सहायकाचं मानधन सचिवालय थेट त्या सहायकालाच देतं, आणि तरी बातमीत ते 'खासदाराच्या भत्त्यात' मोजलं जातं. हे मला मनापासून खटकतं. वाचकाला वाटतं, सगळं याच्या घरी गेलं. आणि जिथे खरंच बिनबिलाचा पैसा हाती पडतो, तिकडे त्याचं लक्ष जात नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं: जुन्या व्यवस्थेला 'हक्काचे लाभ', नव्या व्यवस्थेला 'कामकाज खर्च'. 'संसदीय कामकाज' हा शब्द मराठीत रुळलेलाच आहे, शिवाय खर्च कामकाजासाठीच हवा ही अटही त्यातच येते.

प्रतिसाद

'प्रतिपूर्ती' सरकारी कर्मचाऱ्यांना वैद्यकीय बिलांमुळे ठाऊक, इतरांना जड जाईल. मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. आम्ही 'भरपाई' लिहायचो. पण भरपाई म्हटलं की नुकसान आठवतं, पीकविमा आठवतो. 'बिलाचे पैसे परत मिळाले' असं सरळ लिहिलेलं बरं.

आणि खासदार निधी यात अजिबात मिसळू देऊ नका. वर्षाला पाच कोटी 'मिळतात' असं लोक बोलतात, पण खासदार फक्त कामं सुचवतो. पैसा जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतो.

प्रतिसाद

ग्रामपंचायत सदस्य म्हणून भर घालते. आमच्याकडे सरपंचाला 'मानधन', सदस्यांना 'बैठक भत्ता'. बैठकीला या, सही करा, तर मिळेल. खासदाराच्या पगाराला कुणी 'मानधन' लिहिलं की राग येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 106 मध्ये स्वच्छ 'वेतन' आहे. 2023 पासून ते महिना 1,24,000 आहे. त्याला मानधन म्हणायचं, तर गावातल्या आशा सेविकांना मिळतं ते काय?

मूळ विचारणा करणारी

सगळ्यांचे आभार. 'कामकाज खर्च' आणि 'तरतूद' घेतले. आणखी दोन अडचणी. नव्या कायद्यात खर्चाचा 'डॉमिनंट पर्पज' संसदीय कामकाज असावा लागतो. आणि चुकीचा दावा केला तर रक्कम परत करून वर 25 टक्के भरावे लागतात.

प्रतिसाद

पहिल्याला 'मुख्य प्रयोजन'. उदाहरण द्याच: लग्नाला गेला आणि जाता जाता एक बैठक उरकली, तर मुख्य प्रयोजन लग्न, तिकीट स्वतःचं. जानेवारी 2017 मध्ये आरोग्यमंत्री सुसन ली यांनी राजीनामा दिला तो अशाच वादात. गोल्ड कोस्टला सरकारी खर्चाने गेल्या आणि तिथे स्वतःसाठी फ्लॅट घेतला.

दुसऱ्याला नुसतं 'वसुली' पुरणार नाही. आमच्या लेखी वसुली म्हणजे जादा गेलेलं तेवढंच परत. 'वसुली आणि त्यावर 25 टक्के दंड' असं लिहा.