पत्नीचे माहेरचे नाव सैन्याच्या नोंदीत राहिले आहे. दुरुस्ती कोठून सुरू करावी?

प्रश्न (लिहिणारे: निवृत्त हवालदार, पायदळ)

जय हिंद. मी 1974 साली पायदळात भरती झालो आणि 1991 साली हवालदार या हुद्द्यावरून पेन्शनवर आलो. माझे लग्न 1979 मध्ये रजेच्या काळात झाले. पलटणीत परतल्यावर कंपनीच्या कारकुनाने पत्नीचे नाव विचारले तेव्हा मी तिचे माहेरचे नाव सांगितले, कारण लग्नाला जेमतेम महिना झाला होता आणि सासरी ठेवलेले नाव माझ्याच तोंडी अजून बसलेले नव्हते. जन्मतारीख मला ठाऊक नव्हती. मी अंदाजाने वय सांगितले आणि कारकुनाने त्यावरून 1 जानेवारी 1961 अशी तारीख लिहिली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र तिचे जन्मवर्ष 1958 आहे.

डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेले सेवेचे पुस्तक) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) या दोन्हींत आजही माहेरचे नाव व तीच चुकीची तारीख आहे. आधार, पॅन आणि बँकेतील संयुक्त खाते सासरच्या नावाने आहे. बँकेने मला स्पर्श या सैन्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलकडे पाठवले, सीएससी केंद्रातील मुलाने तेथे विनंती भरून दिली, आणि काही आठवड्यांनी ती ‘मूळ नोंदीशी जुळत नाही’ या अर्थाच्या शेऱ्यासह परत आली. आता काही जण सांगतात की आधारवरचेच नाव बदलून माहेरचे करून घ्यावे, म्हणजे प्रश्न मिटेल. माझे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे आणि माझ्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन विनासायास मिळावे एवढीच इच्छा आहे. आधार बदलावे की सैन्याची नोंद?

उत्तर (लिहिणारे: जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये अनेक वर्षे कारकून म्हणून काम केलेले सुभेदार)

हवालदार साहेब, जय हिंद. आधार बदलू नका. आधार बदलले की पॅन, बँक, रेशनकार्ड, मतदार यादी आणि घरजमिनीचे कागद असे सगळेच एकेक करून बदलत बसावे लागेल, आणि इतके करूनही जन्मतारखेची चूक जागच्या जागी राहील.

तुमची विनंती परत का आली हे समजण्यासाठी नोंद कशी तयार होते ते पाहावे लागेल. जवानाचे लग्न झाले, मूल झाले किंवा नावात बदल झाला की युनिट त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तो बदल नोंदवणारा लेखी आदेश, प्रसिद्ध करते. तो ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसकडे जातो आणि त्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या मूळ सेवा-नोंदीत, नोंद चढते. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचे कागद याच शीट रोलवरून तयार होऊन प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातात, त्यावरून पीपीओ निघतो, आणि स्पर्शवर आज जे दिसते ते पीपीओवरून आलेले असते. म्हणजे तुम्ही शेवटच्या प्रतीत दुरुस्ती मागितली, आणि मूळ कागद तसाच असल्यामुळे ती टिकली नाही. दुरुस्तीचा नवा पार्ट टू ऑर्डर निघाला पाहिजे. तो निघाल्यावर रेकॉर्ड ऑफिसच पुढे सुधारित पीपीओसाठी, म्हणजे ज्याला आपण कॉरिजेंडम पीपीओ म्हणतो त्यासाठी, प्रकरण पाठवते.

अर्ज करण्याआधी एक काम अवश्य करा. मूळ पार्ट टू ऑर्डरची आणि शीट रोलमधील कुटुंबाच्या पानाची प्रत मागवून घ्या. साध्या पत्राने मिळाली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. डिस्चार्ज बुकमध्ये जे आहे तेच शीट रोलमध्ये असेल असे गृहीत धरू नका. ही दोन्ही पुस्तके हाताने लिहिली जात, आणि एका कारकुनाने ‘बाई’ लावले व दुसऱ्याने गाळले, एवढ्या कारणाने अडकलेले अर्ज मी स्वतः हाताळले आहेत.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात सैन्य क्रमांक, हुद्दा, भरती व निवृत्तीची तारीख आणि पीपीओ क्रमांक द्यावा, त्याखाली ‘सध्याची नोंद’ आणि ‘हवी असलेली नोंद’ अक्षरशः, इंग्रजी स्पेलिंगसह लिहावी. लग्नाची हकीकत, रजा, कारकून यांविषयी काहीही लिहू नये. आमच्या टेबलावर चार-चार पानांची पत्रे येत आणि नेमके काय बदलायचे आहे तेच त्यांत सापडत नसे. अर्जासोबत पती-पत्नी दोघांचे प्रतिज्ञापत्र जोडा आणि त्यात माहेरचे व सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे स्पष्ट लिहा. विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन आणि जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती जोडा. स्पेलिंगमधील एखाद्या अक्षराचा फरक असता तर प्रतिज्ञापत्रावर भागले असते, परंतु तुमच्याकडे संपूर्ण नावच वेगळे असल्यामुळे वृत्तपत्रातील जाहीर सूचना किंवा राजपत्रातील प्रसिद्धीही मागितली जाऊ शकते, म्हणून ते आधी विचारून घ्या. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर त्यांच्याकडे जावक क्रमांक राहतो आणि पुढे स्मरणपत्र पाठवणे सोपे जाते.

उत्तर (लिहिणाऱ्या: दिवंगत नायब सुभेदारांच्या पत्नी)

भाऊ, सुभेदार साहेबांनी सांगितलेल्या मार्गाने मी गेले आहे, फक्त माझे पती गेल्यानंतर. तुम्ही हयात आहात तोवर ‘ही माझीच पत्नी आहे’ हे सांगणारा पहिला साक्षीदार तुम्ही स्वतः आहात, आणि हे काम आता करून घेण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. माझ्या बाबतीत तेच प्रतिज्ञापत्र मला एकटीला करावे लागले, त्यावर विश्वास बसावा म्हणून गावातून वेगळे दाखले आणावे लागले, आणि दरम्यान घरात येणारी रक्कम थांबलेली होती. कोणत्या कार्यालयात किती खेपा झाल्या ते येथे सांगत नाही.

जन्मतारखेकडे मात्र दुर्लक्ष करू नका. नाव जुळले की लोक समाधानाने थांबतात. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीला वयाच्या 80 व्या वर्षापासून मूळ रकमेवर 20 टक्के वाढ मिळते, 85 ला ती 30 टक्के होते, 90 ला 40, 95 ला 50 आणि 100 व्या वर्षी 100 टक्के. हे वय नोंदीतील तारखेवरून मोजले जाते. वहिनींची तारीख 1961 राहिली तर प्रत्येक टप्पा त्यांना सुमारे तीन वर्षे उशिरा मिळेल, आणि त्या वयात दाखले गोळा करीत फिरणे त्यांना झेपणार नाही.

उत्तर (लिहिणारे: सेवाविषयक प्रकरणे चालवणारे वकील)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या चर्चेत पुढे कोणीतरी ‘थेट न्यायालयात जा’ असे सुचवीलच.

सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, 2007 निवृत्त सैनिकांना आणि सेवाविषयक बाबींपुरता त्यांच्या वारसांनाही लागू आहे, आणि न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे. मात्र कलम 21 नुसार आधी उपलब्ध असलेले प्रशासकीय मार्ग वापरून झालेले असावे लागतात. तुम्ही दिलेल्या निवेदनावर सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही तर तो मार्ग वापरून झाला असे धरले जाते, आणि त्यानंतर कलम 22 मधील मुदत मोजली जाते. त्यामुळे अर्ज स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा. पाच वर्षांपूर्वी तोंडी सांगितले होते, या वाक्याला तेथे काहीही किंमत नसते.

दुसरे असे की, तुमची मागणी पत्नीच्या नोंदीविषयी आहे. सैनिकाने स्वतःची जन्मतारीख बदलून मागणे हे अगदी वेगळे प्रकरण आहे. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख सेवेच्या अखेरीस बदलून मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नकार दिला आहे, आणि 1993 च्या हरनाम सिंग निकालाचा त्यासाठी नेहमी आधार घेतला जातो. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू नका, नाहीतर सोपी मागणीही अवघड मागणीसोबत अडकते.

उशिराबद्दल फार धास्ती नसावी. निवृत्तिवेतनातील चूक दर महिन्याला नव्याने घडत असते, म्हणून जुन्या प्रकरणातही दाद मागता येते. परंतु 2008 च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. तुमच्या प्रकरणात आज थकबाकी काहीच नाही, आणि ती साचू न देणे तुमच्या हातात आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल पत्र्याची जुनी पेटी उघडली, तेव्हा लग्नाच्या नोंदीबद्दल युनिटने मला दिलेली टंकलिखित चिठ्ठी सापडली. तिच्यावर पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि 1979 मधील तारीख आहे. ती मूळ चिठ्ठी अर्जाला जोडावी का? आणि शाळेच्या दाखल्यावर अर्थातच माहेरचे नाव आहे, ते अडचणीचे ठरेल का?

उत्तर (लिहिणारे: सुभेदार)

मूळ चिठ्ठी कोणालाही देऊ नका, साक्षांकित प्रत जोडा आणि तो क्रमांक अर्जाच्या विषयातच लिहा. त्या क्रमांकावरून कारकुनाला नोंद लगेच काढता येते. दाखल्यावर माहेरचे नाव आहे हे तर तुमच्या उपयोगाचेच आहे. सैन्याच्या नोंदीत तेच नाव असल्यामुळे ती नोंद आणि शाळेचा दाखला एकमेकांना जुळतात, आणि प्रतिज्ञापत्र त्या नावाला आधारवरच्या नावाशी जोडते. ‘हवी असलेली नोंद’ लिहिताना आधारकार्ड समोर ठेवा आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर पाहून उतरवा. आधारवर ‘बाई’ नसेल तर अर्जातही लावू नका.