मदत हवी आहे: गिलरेच्या चित्राच्या पाठीवर दुसरंच चित्र!

नमस्कार मंडळी. मी लेस्टरला राहते. गेल्या रविवारी इथल्या जुन्या बाजारात इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं ‘मॅट्रिमोनियल हार्मॉनिक्स’ हे छापील चित्र मिळालं. लग्नानंतरचा सकाळचा नाश्ता: बायको पियानोवर बसून तारस्वरात गातेय, नवरा पाठ फिरवून, कानावर हात ठेवून वाचत बसलाय, दाई रडकं पोर घेऊन आत येतेय, वर कुत्रं आणि काकाकुवा आहेतच. याची जोडी म्हणजे ‘हार्मनी बिफोर मॅट्रिमनी’, त्यात लग्नाआधी हेच दोघं एकाच वहीतून गाताहेत! दोन्ही १८०५ची, लंडनला हॅना हंफ्रीच्या दुकानातून निघालेली.

आता अडचण. कागद जाड आहे, चित्राभोवती, ते ज्यावरून छापलं त्या तांब्याच्या पत्र्याचा दाब बोटाला लागतो. भिंगातून ठिपके दिसत नाहीत, म्हणजे आजची छपाई नव्हे. पण मागच्या बाजूला गिलरेचंच दुसरं चित्र छापलंय! १८५०च्या सुमारास हेन्री बोन या प्रकाशकाने मूळ पत्र्यांवरून पुन्हा छापलेल्या प्रती अशा पाठपोट असत, म्हणून माझी प्रत त्यातलीच असावी असं वाटतं. त्या प्रती सहसा बिनरंगी असतात. माझ्या प्रतीत मात्र बायकोच्या झग्याचा रंग रेषेबाहेर सांडलाय.

रंग नंतर कुणी भरला असेल, तर ते ओळखायचं कसं? आणि दोन्ही बाजू दिसतील अशी फ्रेम कुणी करून घेतली आहे का? फ्रेमवाला मागे गोंदाने पुठ्ठा चिकटवू म्हणतोय, मी तूर्त थांबवलंय.