पिपिन ड्रायस्डेल यांची भांडी: वाळवंटाकडून किती घ्यावं?

काळीमाती

पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला पिपिन ड्रायस्डेल (जन्म १९४३) काम करतात. पोर्सिलेनची, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची भांडी, तळाशी चिंचोळी, वर उमलत गेलेली, बाहेरून केसासारख्या बारीक रेषांनी भरलेली. तनामी वाळवंट, वायव्येचा किम्बर्ली प्रदेश आणि डेव्हिल्स मार्बल्स नावाचे गोल धोंडे हे त्यांचे विषय. चाकावर भांडी वळायचं काम वर्षानुवर्षं वॉरिक पामटीअर करत आले आणि ते उघडपणे सांगितलं जातं, त्यामुळे तो वाद इथे नको. वाद हा की गोऱ्या कलावंतानं आदिवासींच्या भूमीवरून काम करावं का? या भांड्यांपुरतं माझं उत्तर: खुशाल करावं.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या चित्रांची स्वतःची खूणभाषा आहे. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, घोड्याच्या नालेच्या आकाराची खूण म्हणजे बसलेला माणूस, वर्तुळांना जोडणारी रेघ म्हणजे वाट. ड्रायस्डेल यांच्या भांड्यांवर यातलं काही नाही, त्या चित्रांतले टिपकेही नाहीत. आहे ती भांड्याला वळसा घालत जाणारी रेषा, कुठे दाट, कुठे विरळ. विमानातून वाळूच्या लांबच लांब टेकड्या दिसतात तशी.

आणि ही रेषा येते कामाच्या पद्धतीतून. अशा रेषांची साधारण रीत अशी: भांडं चामड्याइतकं घट्ट झालं की तासून भिंत पातळ करायची, १००० अंशांच्या आसपास बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) भाजायचं. त्यावर रंगीत ग्लेझ (भट्टीत काचेसारखा होणारा लेप) फवारायचं, वर मेणाचा किंवा लेटेक्सचा थर. थर सुकला की भांडं चाकावर फिरवत धारदार पात्यानं रेषा कापायच्या, त्यांत दुसऱ्या रंगाचं ग्लेझ भरायचं, वर सांडलेलं पुसून टाकायचं. रंग बदलला की पुन्हा पहिल्यापासून. पातं जोरात दाबलं तर कच्च्या ग्लेझचे टवके उडतात आणि रेघ दातेरी होते. ग्लेझमध्ये थोडा सीएमसी नावाचा डिंक घातला की हे कमी होतं. थर जाड झाला तर भट्टीत ग्लेझ आकसून गोळा होतं आणि मधे उघडी माती दिसते. रेघेत मेणाचा अंश राहिला तर तिथे ग्लेझ धरतच नाही. ही सगळी शिस्त पात्याची आणि चाकाची आहे. कुणाच्या विधीतून उचललेली नाही.

ग्लेझची_वाटी

रीत बरोबर सांगितलीत. रंगाचं मात्र राहिलं, आणि माझ्या मते तुमचा मुद्दा तिथेच अडकतो.

तिथली वाळू लाल दिसते ती वाळूच्या कणांवर हेमाटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, पातळ लेप असतो म्हणून. ती वाळू किंवा माती पोर्सिलेनवर लावून १२५० अंशांना भाजली तर लाल राहत नाही. साधारण १०५० च्या पुढे ती तपकिरीकडे झुकते. ग्लेझमध्ये विरघळली तर प्रमाणाप्रमाणे मधासारखा पिवळा ते पार काळा. म्हणून उच्च तापमानाला धगधगीत केशरी-लाल हवा असेल तर कॅडमियम-सेलेनियमचे, झिर्कॉनच्या कवचात बंद केलेले स्टेन, म्हणजे कारखान्यातले तयार रंग, वापरावे लागतात. प्रमाण सहसा ८ ते १२ टक्के, भट्टी ऑक्सिडेशनची, म्हणजे भरपूर हवेची. हे स्टेन बॉल मिलमध्ये (गोळ्यांच्या चक्कीत) दळायचे नाहीत, नुसते चाळून मिसळायचे. दळले की कवच फुटतं, रंग उडतो आणि कॅडमियम मोकळं होतं. आतून खाण्याचं भांडं असेल तर प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय असलं ग्लेझ आत लावूच नये. संध्याकाळचा गुलाबी हवा असेल तर क्रोम-टिनचा स्टेन, पण त्या ग्लेझमध्ये झिंक चालत नाही, गुलाबीचा मळकट तपकिरी होतो.

म्हणजे "भूमी घेतली" म्हणताना भूमीतलं चिमूटभरही भांड्यात नसतं. पोर्सिलेनची माती पिशवीतून, रंग स्टेनच्या कारखान्यातून. उरतं काय? त्या जागेचं नाव आणि त्या नावाचं वजन. घेतलंय ते तेवढंच, आणि किंमतही त्याचीच येते.

काळीमाती

किंमत नावाला येते हे मान्य नाही. ते भांडं "क्रमांक १४" म्हणून ठेवलं तरी कामाला दाद मिळेल. तीन-चार मिलिमीटरच्या भिंतीवर, ग्लेझ न सांडता, इतक्या रेषा बसवून दाखवा आणि मग बोलू.

रेतीघडी

कौशल्यावर शंका कुणीच घेतलेली नाही. "भूमी घेतली, खुणा नाही घेतल्या" ही तुमची फोडच तिथे लागू पडत नाही.

तनामी म्हणजे मुख्यतः वार्लपिरी लोकांची भूमी. त्यांच्याकडे जुकुर्पा म्हणजे पूर्वज ज्या वाटेनं गेले ती वाट, त्या वाटेवरचे खडक आणि पाणी, त्यांची गाणी, त्यांची चित्रं आणि वागण्याचे नियम, सगळं एकत्र. कोणती जागा कुणी रंगवायची हे नात्यावर ठरतं. वडिलांकडून हक्क आलेला तो किर्दा. आईकडून संबंध आलेला तो कुर्दुंगुर्लु, आणि काम नीट होतंय की नाही यावर त्याची देखरेख असते. एकट्यानं ठरवून, आवडली म्हणून जागा रंगवली, असं तिथला माणूसही करत नाही. बाहेरच्यानं खुणा टाळल्या म्हणून जागा मोकळी होत नाही.

आता डेव्हिल्स मार्बल्स घ्या. टेनंट क्रीकच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवरचं हे कार्लू कार्लू, नोंदणी झालेलं पवित्र स्थळ. वारुमुंगू, काय्टेटी, अल्यावार आणि वार्लपिरी या चारही समाजांचा त्याच्याशी संबंध आहे. १९५३ मध्ये इथला एक धोंडा उचलून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला नेला आणि फ्लाइंग डॉक्टर सेवेचे प्रवर्तक जॉन फ्लिन यांच्या कबरीवर ठेवला. मूळ मालक कित्येक वर्षं तो परत मागत होते. १९९९ मध्ये तो कार्लू कार्लूला परत गेला आणि त्याच्या जागी अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या मूळच्या अरेर्न्टे लोकांनी आपल्या भूमीतला दगड दिला. २००८ मध्ये जमिनीची मालकीही कायद्यानं त्यांना मिळाली. धोंडा नेणाऱ्यांचा हेतू श्रद्धांजलीचाच होता. त्यांनाही तो एक देखणा गोल दगडच वाटला होता.

काळीमाती

दगड उचलून नेणं आणि दगड बघून भांडं करणं एकाच तराजूत? हे जरा अतिच.

गोल धोंडा ही ग्रॅनाइटची रीत आहे. खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्यांत पाणी मुरतं, ठोकळ्याचे कोपरे तिन्ही बाजूंनी झिजतात म्हणून आधी जातात, आणि मुरूम वाहून गेला की गोल गाभे उघडे पडतात. हंपीलाही तेच झालंय. पोर्सिलेनचा बंद गोल करताना कुंभारापुढे वेगळेच प्रश्न असतात. आतली हवा निघायला कुठेतरी बारीक भोक ठेवावं लागतं, नाहीतर सुकताना माती आकसते, आतली हवा आकसत नाही आणि शिवण उकलते. भोक तळाशी ठेवलं तर ग्लेझनं बुजणार नाही हे बघावं लागतं. पोर्सिलेन एकूण १२ ते १५ टक्के आकसतं, भिंत एका बाजूला जाड राहिली तर भट्टीत तो गोल त्या बाजूला खचतो. यात आक्रमण कुठे आलं?

रेतीघडी

आक्रमण हा शब्द तुमचा. मी परवानगीबद्दल बोलतोय. उलुरू या मोठ्या लाल खडकाच्या उलुरू-काता त्जुता राष्ट्रीय उद्यानात विक्रीसाठी छायाचित्रण, चित्रीकरण करायचं तर परवाना लागतो आणि उलुरूच्या काही बाजूंचे फोटो काढूच नका असं सांगितलेलं असतं. विक्रीसाठी चित्रं काढणाऱ्यांनाही परवाना घ्यावा लागतो. म्हणजे "बघितलं आणि केलं" याला तिथे मर्यादा असू शकते हे सरकारी उद्यानानंही मान्य केलंय. फ्रीमँटलच्या स्टुडिओत बसलं की ती मर्यादा संपते का, एवढाच प्रश्न.

वळी_वर_वळी

दोघंही वाळवंट म्हणजे एक चित्रांची परंपरा आणि एक गोरी कलावंत असं धरून बोलताय. तिथले कुंभार काय करतात ते बघा ना.

पहिली गोष्ट, मध्य ऑस्ट्रेलियात मातीची भांडी भाजण्याची जुनी परंपरा नव्हतीच. पाणी वाहायला लाकडी पात्रं असत. हरमन्सबर्ग (न्तारिया) ही अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेची लुथरन मिशनची वस्ती, १८७७ ची. चित्रकार अल्बर्ट नामाजिरा तिथलेच. हरमन्सबर्ग पॉटर्स हा वेस्टर्न अरांडा या आदिवासी समाजातल्या कलाकारांचा गट १९९० मध्ये सुरू झाला. टेराकोटाच्या वळ्या एकावर एक रचून पोटाळ भांडं, झाकणावर पक्षी, सरडा, कधी फुटबॉलपटू, आणि पोटावर अंडरग्लेझनं (ग्लेझखालच्या रंगानं) रंगवलेला आपल्या भूमीचा देखावा. टिपक्यांची आठवणही होत नाही, नामाजिरांच्या जलरंगांशी मात्र नातं लगेच कळतं.

कोरड्या हवेत या कामाचे हाल वेगळे. काठ तासाभरात पांढरा पडतो, तळ ओलाच. मग वरची वळी धरत नाही किंवा आडवी चीर जाते. काठाला ओलं फडकं, भांड्याला प्लास्टिक, आणि दोन वळ्यांच्या जोडावर ओरखडे मारून स्लिप, म्हणजे पातळ केलेली माती. झाकण आणि भांडं एकाच ओलाव्याला जुळवून, एकत्र सुकवून, झाकण जागेवर ठेवूनच बिस्क भाजायचं, तर दोन्हींचा काठ एकसारखा वाकतो. झाकणावरचा प्राणी आतून पोकळ हवा, आणि भट्टी १०० अंश पार करेपर्यंत हळू. जाड मातीत पाणी राहिलं तर वाफ प्राण्याचं डोकं उडवते, तुकडे शेजारच्या भांड्यांवर. आणि लालाबद्दल वर जे लिहिलंय त्याचा उलटा धडा इथे आहे: टेराकोटा कमी तापमानाला भाजली की भांडं मुळातच लाल.

दुसरं उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पुकात्जाचं एर्नाबेला आर्ट्स. १९४८ ची हस्तकला खोली, त्यातून आजचं केंद्र, २००३ पासून सिरॅमिक्स. स्लिप लावून ती खरवडत खालची माती दाखवायची, अशी बरीच भांडी. रेतीघडी यांनी एक लक्षात घ्यावं: एर्नाबेलाच्या बायकांनी सुरुवातीच्या दशकांत जी वळणदार नक्षी घडवली, जिला त्या वल्का म्हणत, ती पूर्वजांच्या कथांची नव्हती. सजावटीसाठीच होती. तिथल्या प्रत्येक रेघेवर पावित्र्याचा शिक्का मारणं हाही बाहेरच्याचाच उद्योग.

रेतीघडी

वल्काचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण कोणती नक्षी सजावटीची आणि कोणती राखीव हे त्या बायकांनी ठरवलं, हेही त्यातच आलं. उलट उदाहरण पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या वस्तीचं. १९७१ नंतर तिथे रंगवलेल्या पहिल्या काही फळ्यांवर विधींमधल्या गोष्टी उघड दिसल्या, तेव्हा इतर वाळवंटी गटांनी आक्षेप घेतला. चित्रकारांनी पुढे तसे तपशील वगळले किंवा झाकले. त्यातल्या काही फळ्या आजही जाहीर प्रदर्शनात मांडत नाहीत. आधी दाखवलेलं मागे घ्यायचा अधिकार त्यांच्याकडे राहिला. ड्रायस्डेल यांच्या भांड्याबाबत तो कुणाकडे आहे?

वारली_प्रेमी

आपल्याकडे वारलीचं हेच झालंय की. कॉफीचे मग, कुर्ते, पडदे, सगळीकडे तारपा नाच. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळूनही.

वळी_वर_वळी

वारलीच्या बाबतीत आकृत्या जशाच्या तशा छापतात. इथे आकृती घेतलेलीच नाही असा काळीमाती यांचा दावा आहे. तुलना जुळत नाही. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

कलम_कोरडं

कायदा काय म्हणतो ते सांगतो, म्हणजे निदान तेवढं तरी हवेत राहणार नाही.

ऑस्ट्रेलियाचा कॉपीराइट विशिष्ट कलाकृतीला आणि ठरावीक मुदतीपुरता. शैलीला नाही, समाजाच्या सामूहिक ज्ञानाला नाही. १९९४ च्या गालिच्यांच्या खटल्यात (मिलपुर्रुर्रू विरुद्ध इंडोफर्न) व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर आदिवासी कलाकारांची चित्रं विनापरवाना घेतलेली होती. न्यायालयानं सुमारे १,८८,००० डॉलर भरपाई दिली आणि समाजात कलाकारांची जी मानहानी झाली तीही हिशेबात धरली. पण तिथे मूळ चित्रं ओळखू येत होती. बिरूबी आर्ट या कंपनीला २०१९ मध्ये २३ लाख डॉलर दंड झाला तो ग्राहक कायद्याखाली: इंडोनेशियात बनलेली बूमरँग आणि डिजेरिडू (फुंकून वाजवायचं वाद्य) आदिवासींनी हातानं केल्याचा भास निर्माण केला म्हणून. सांस्कृतिक हक्कासाठी स्वतंत्र कायदा आणू, असं केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ च्या सांस्कृतिक धोरणात म्हटलं.

थोडक्यात, रेषांनी भरलेलं पोर्सिलेनचं भांडं या दोन्ही कायद्यांच्या चाळण्यांतून सहज निसटतं. कायद्यानं काळीमाती जिंकले. मात्र सरकारी कला परिषदेच्या आदिवासी कलेबाबतच्या आचारसंहितेत संमती, श्रेय आणि लाभात वाटा ही तीन तत्त्वं स्वच्छ लिहिलेली आहेत. ती बंधनकारक नाहीत, पण परिषदेचं अनुदान हवं असेल तर पाळावी लागतात.

काळीमाती

श्रेय द्या: शंभर टक्के. भांड्याच्या पाटीवर जागेचं मूळ नाव, कुणाची भूमी ते लिहा, माझी हरकत नाही. वाटा मात्र पटत नाही. रेषेचा वाटा कसा मोजणार? टेकडीला किती, पात्याला किती? एकदा क्षितिजाचं भाडं सुरू झालं की उद्या हरमन्सबर्गच्या कुंभारांनी टेराकोटाच्या तंत्राचं भाडं कुणाला द्यायचं?

रेतीघडी

तंत्र शिकवायला माणूस त्यांच्याकडे गेला होता, ते कुणाच्या नकळत घेऊन आले नाहीत. इथे उलटं व्हायला काय हरकत आहे? तनामीवर मालिका करायच्या आधी युएंडुमू या वार्लपिरी वस्तीच्या कलाकेंद्राला पत्र. कार्लू कार्लूसाठी तिथल्या भूमी परिषदेला. कुठल्या बाजूचे धोंडे भांड्यावर नकोत एवढं विचारायचं. नकार आला तर किम्बर्लीत धोंडे कमी नाहीत, पण तिथेही विचारायचंच.

वळी_वर_वळी

पत्रापेक्षा भट्टी बरी. अ‍ॅडलेडच्या रॉबिन बेस्ट यांनी एर्नाबेलाच्या कलाकारांबरोबर पोर्सिलेनवर काम केलं: भांडं एकाचं, रेघ दुसऱ्याची. वाटा मोजायचा प्रश्नच सोपा होतो. अडचण एकच, आणि ती खरी आहे. टेराकोटावर मऊ, ठसठशीत खरवडायची सवय असलेल्या हाताला पोर्सिलेन फार ठिसूळ लागतं. चामड्याइतकं घट्ट असताना, फार तर किंचित आधी, खरवडायला घ्यावं. त्यानंतर कडा कुरतडल्या जातात.

काळीमाती

त्या जोडकामाला माझा विरोध नाहीच. पण एकट्यानं केलेलं काम त्यामुळे चोरी ठरत नाही. मी पहिल्या प्रतिसादापासून तेच म्हणतोय.

रेतीघडी

आणि मी पहिल्यापासून म्हणतोय की चोरी हा शब्द तुम्हीच आणताय. विचारलं का, एवढंच माझं.