पत्रिकेतली ‘श्रीमती’: अर्थ कोशातला धरायचा की वाचणाऱ्याच्या मनातला?

सुलेखन (धागाकर्ता)

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली, तेव्हा मजकूर उतरवून घेणारा मुलगा वहिनींच्या नावाशी थांबला आणि मान वर न करता त्याने एवढेच विचारले, “दादा आहेत का?” भाऊ दोन वर्षांपूर्वी गेल्याचे मी सांगताच त्याने मुकाट्याने नावाआधी ‘श्रीमती’ टाकले. संध्याकाळी वहिनींनी कच्ची प्रत पाहिली, त्या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “भाऊजी, हे वाचणारा आधी ह्यांचं जाणं वाचेल, मग लग्न.”

व्युत्पत्ती पाहिली तर श्रीमती म्हणजे जिच्यापाशी ‘श्री’ आहे ती. ‘श्रीमंत’ हा त्याच घरातला शब्द आणि तो ऐकून कोणी दुखावत नाही. परंतु पत्रिकेत वरच्या ओळीला चार ‘सौ.’ असल्या आणि खाली एकच ‘श्रीमती’ आली, की ती बाई विधवा आहे हे कोणी न सांगता सर्वांना समजते. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवतात’. घरातून निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. अभद्र उच्चारायचे नाही, पण पोहोचवायचे नक्की, ही सवय ज्या भाषेला इतकी अंगवळणी पडली आहे, तिच्यात नावाआधीची दोन अक्षरे निरागस राहू शकत नाहीत. पुरुषाची बायको असो वा नसो, तो आयुष्यभर ‘श्री.’ असतो. म्हणून माझे मत असे की, पत्रिकेतून स्त्रियांच्या नावांआधीच्या सगळ्या उपाध्या काढून टाकाव्यात.

इंदूरवासी

आपले दुःख समजते, पण निष्कर्ष पटत नाही. आमच्या घरी मराठी बोलतात, मात्र गाव हिंदीचे आहे आणि हिंदीत ‘श्रीमती’ म्हणजे सरळ विवाहित स्त्री. आमच्या दारावरच्या पाटीवर सासऱ्यांच्या नावाखाली सासूबाईंचे नाव ‘श्रीमती’ लावूनच आहे आणि दोघेही ठणठणीत आहेत. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्याबाई ती पाटी वाचून दारातच गंभीर झाल्या आणि घंटा वाजवावी की नाही, या विचारात पडल्या. आतून सासरे बाहेर आले तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. सांगायचे ते एवढेच की, हा छुपा अर्थ शब्दाच्या पोटात नाही, तो आपल्या वहिवाटीत आहे आणि वहिवाट बदलता येते. महाराष्ट्रातल्या सरकारी पत्रांतही महिला अधिकाऱ्यांच्या नावांआधी त्या विवाहित आहेत की नाहीत हे न पाहता ‘श्रीमती’ लिहिण्याची पद्धत आहेच. तीच पत्रिकेत आणावी आणि सगळ्याच जणींना ‘श्रीमती’ करावे. शब्द हद्दपार केला, तर त्याला चिकटलेला गैरसमज तसाच शाबूत राहील.

मोडीवाचक

मला दोन्ही मते अमान्य आहेत. जुनी पत्रे वाचताना दिसते की मायना हा पत्राचा निम्मा मजकूर असे. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि वडिलांसमान माणसाला ‘तीर्थस्वरूप’, एवढ्या एका अक्षरात नाते कळत असे. हे सगळे सपाट करून आपण काय मिळवणार आहोत? विधवेला ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, लिहीत, तोही आदरच होता. काव्यशास्त्रातले ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण आठवावे. पाण्यावर वाडा उभा राहत नाही, म्हणून लक्षणेने ‘गंगेच्या काठावर’ असे समजायचे. पण ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे तिथला गारवा आणि पावित्र्य सुचते, ही व्यंजना. ‘गं. भा.’ लिहिणाऱ्याने तेच पावित्र्य त्या बाईच्या नावाला जोडले. ऐकणाऱ्याच्या मनात किल्मिष असेल, तर त्याची शिक्षा शब्दाला का द्यावी?

शिरोळकर

पावित्र्य जोडले खरे, पण कशाच्या बदल्यात? एकाच नदीची दोन नावे दिली, तरी ‘गं. भा.’ ऐकल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर पाणी येत नाही, कोरे कपाळ येते. व्यंजना बोलणाऱ्याच्या हेतूवर जेवढी अवलंबून असते, तेवढीच ऐकणाऱ्याच्या अनुभवावरही. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गं. भा.’ वापरावे, अशी सूचना राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आली, तेव्हा केवढी टीका झाली आणि निर्णय झालेला नाही असा खुलासा कसा करावा लागला, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याआधी, मे २०२२ मध्ये, आमच्या शिरोळ तालुक्यातल्या (जि. कोल्हापूर) हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला, तो कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा होता. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. आधी कपाळ या प्रथांतून मोकळे होऊ द्या, मग उपाधीचे बघू. इंदूरवासींनाही एक विचारतो. ज्या बाई आज ‘सौ.’ आहेत, त्या स्वतःहून ‘श्रीमती’ लिहून घ्यायला तयार होतील का? माझ्या घरातल्या तरी होणार नाहीत.

सुलेखन

शिरोळकरांचा शेवटचा प्रश्न माझ्यावरच उलटला, म्हणून प्रांजळपणे लिहितो. वहिनींच्या संमतीने मी सगळ्या स्त्रियांची नावे उपाधीविना करून घेतली आणि दुसरी कच्ची प्रत थोरल्या बहिणीला पाठवली. मुलाची आत्या म्हणून तिचे नाव निमंत्रकांत आहे, मेहुणे तिच्या शेजारी बसून चहा पीत होते. छापलेल्या शब्दाला छुपा अर्थ असतो हे मी इथे तावातावाने मांडले होते; न छापलेल्या शब्दालाही तो असतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तिचा फोन आला आणि पहिलेच वाक्य होते, “अरे, माझं ‘सौ.’ कुणी पुसलं?”

ती प्रत अजून माझ्या टेबलावर आहे. छापखान्याने शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आहे.